बलस्थानांभोवती दिनक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे पाचला उठावे, गार पाण्याने आंघोळ करावी, दिवसाची यादी लिहून काढावी, अशा सर्वांना सरसकट दिल्या जाणाऱ्या सूचनांची आता काही टंचाई राहिलेली नाही. पुढील उत्तरांचा रोख त्याहून मर्यादित आहे. ज्या कामात आपल्याला गती आहे त्या कामाला दिवसातला एक ठरलेला वेळ मिळवून द्यायचा आणि बाकीची कामे त्याच्या आजूबाजूला बसवायची, हे प्रत्यक्ष कसे जमवावे याविषयी नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे घेतले आहेत.

बलस्थान म्हणजे आवड, कौशल्य की स्वभाव?

मराठीत यासाठी जुने आणि अधिक नेमके शब्द आहेत. एखाद्या मुलाला गणितात ‘गती’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो ते इतरांपेक्षा लवकर आणि कमी थकून करतो असे आपल्याला सुचवायचे असते. एखाद्या बाईंचा ‘पिंड’ शिक्षिकेचा आहे असे म्हणतो, तेव्हा बसथांब्यावर अनोळखी माणसाला पत्ता सांगतानाही त्या तो समजला की नाही याची खात्री करून घेतात, हे आपण पाहिलेले असते. ‘हातखंडा’ मात्र सरावाने येतो, आणि हातखंडा असलेले काम नकोसेही वाटू शकते. वीस वर्षे बिनचूक ताळेबंद जुळवणाऱ्या लेखापालाला त्याच ताळेबंदाचा उबग आलेला असणे मुळीच अशक्य नाही. येथे बलस्थान हा शब्द गती आणि पिंड या दोहोंच्या जोडीने वापरला आहे: जे काम आपल्या हातून चांगले होते, आणि जे केल्यावर शरीर दमले तरी मन उतरत नाही, ते. आवड ही यापासून वेगळी धरावी, कारण गाणे ऐकण्याची आवड असणाऱ्या प्रत्येकाला सूर लागतोच असे नाही.

स्वतःचे बलस्थान ओळखायचे कसे?

दोन आठवडे नोंदवही ठेवावी. साधी शाळेची वही पुरे. दिवसातून तीनदा, म्हणजे दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी, गेल्या काही तासांत कोणती कामे केली, ती कितीला सुरू होऊन कितीला संपली आणि संपल्यावर कसे वाटले, एवढेच चार ओळींत लिहावे. ‘कसे वाटले’ या रकान्यात ‘बरे’ असा शब्द लिहू नये, कारण त्यातून नंतर काहीही कळत नाही; ‘अजून अर्धा तास बसलो असतो’ किंवा ‘घड्याळाकडे चारदा पाहिले’ असे लिहावे.

दोन आठवड्यांनी वही वाचताना प्रथम कोणी न सांगता आपण हाती घेतलेली कामे शोधावीत. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत सगळे तावातावाने बोलत असताना एक जण मुकाट्याने मुद्दे टिपून घेत असतो आणि शेवटी इतिवृत्त त्याच्याकडेच येते; त्याला ते काम दिलेले नसते, ते त्याच्या हातून होते. मग ज्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही अशा नोंदींखाली रेघ मारावी, आणि लोक आपल्याकडे कशासाठी येतात तेही पाहावे: भांडण मिटवायला, अर्ज लिहून घ्यायला, बिघडलेला मिक्सर उघडायला, की नुसते मन मोकळे करायला.

कौतुकाच्या बाबतीत सावध राहावे, कारण आपले कौतुक बहुधा इतरांच्या सोयीच्या गोष्टींसाठी होते. घरातल्या थोरल्या मुलीला लहानपणापासून ‘समंजस’ म्हटले जाते, आणि समंजसपणा हेच आपले बलस्थान असल्याचे ती चाळिशीपर्यंत धरून चालते. वही मात्र तिला सांगते की तडजोड केलेल्या प्रत्येक दिवसाच्या शेवटी ती थकलेली होती आणि भाच्याला भूमिती शिकवलेल्या संध्याकाळी ताजीतवानी होती. माझ्या स्वतःच्या वहीनेही मला असाच धक्का दिला. माझे बलस्थान नियोजन आहे, अशी माझी ठाम समजूत होती. नोंदींत मात्र दिसले की मी केलेली नियोजने फारशी पार पडत नाहीत आणि दुसऱ्याचा कच्चा मजकूर समोर आला की मी चहा विसरून त्यावर दोन तास बसतो.

सापडलेले बलस्थान शक्यतो क्रियापदात आणि नेमके लिहावे. ‘लोकांशी चांगले संबंध’ या शब्दांवरून दिनक्रम ठरवता येत नाही. ‘अनोळखी माणसाला पाच मिनिटांत बोलते करणे’ किंवा ‘गुंतागुंतीची गोष्ट आजीला कळेल अशी सांगणे’ असे लिहिले, तर त्या कामासाठी कोणता वेळ आणि कोणती माणसे लागतील हे लगेच सुचू लागते.

यासाठी ज्या प्रश्नावल्या मिळतात, त्या भरून पाहाव्यात का?

भरून पाहायला हरकत नाही. फक्त त्यांच्या निकालाला जन्मपत्रिकेचा मान देऊ नये. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये जिज्ञासा, चिकाटी, प्रामाणिकपणा, कृतज्ञता, विनोदबुद्धी अशा २४ गुणांचे सहा गटांत वर्गीकरण मांडले, आणि त्यावर आधारलेली प्रश्नावली विनामूल्य भरता येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामातून तयार झालेली दुसरी प्रसिद्ध चाचणी ३४ सूत्रांत माणसाची मांडणी करते. तिला पैसे पडतात आणि मोठ्या कंपन्यांत ती बरीच वापरली जाते. पहिली चारित्र्याकडे पाहते, तर दुसरी कामाच्या पद्धतीकडे, हा फरक ध्यानात ठेवावा.

या विषयात मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट मात्र निराळीच आहे. सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आपली बलस्थाने फक्त ओळखायला सांगितली होती, तर काहींना त्यांपैकी एखादे आठवडाभर रोज नव्या रीतीने वापरायला सांगितले होते. नुसते ओळखणाऱ्यांना वाटलेले समाधान लवकर ओसरले. वापरणाऱ्यांमध्ये ते सहा महिन्यांनीही आढळले. नंतर अशा प्रयोगांची पुनरावृत्ती झाली तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही निकालाचा कागद कपाटात ठेवून काही होत नाही, त्यातल्या एका गुणाला उद्याच्या दिवसात वेळ द्यावा लागतो, हे अनुभवालाही पटण्यासारखे आहे.

त्यासाठी पहाटे उठणे आवश्यक आहे का?

नाही, आणि या एका समजुतीने पुष्कळ लोकांचे दिनक्रम पहिल्याच आठवड्यात मोडलेले आहेत. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे आपण बालपणापासून ऐकतो, आणि आयुर्वेदाचाही हवाला दिला जातो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचाच आहे आणि ब्राह्म मुहूर्तावर उठावे असे तो सांगतो. पण ते सांगताना त्याने ‘स्वस्थ’ माणसाने असा शब्द घातला आहे, आणि तो शब्द सल्ला देणारे बहुधा गाळतात. शिवाय ब्राह्म मुहूर्त घड्याळाच्या एका आकड्याला बांधलेला नाही. सूर्योदयापूर्वी सुमारे ९६ मिनिटे तो सुरू होतो. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो तेव्हा तो साडेचारच्या आत येतो, तर जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या जवळपास असल्याने तो साडेपाचनंतर येतो. नागपुरात सूर्य मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधीच वर आलेला असतो. एवढे असताना बारा महिने तेरा काळ पाचचाच गजर लावणे हा ना धड आयुर्वेद, ना धड शरीरशास्त्र.

माणसामाणसांचे शरीराचे घड्याळ वेगळे चालते, ही गोष्ट आता प्रस्थापित आहे. जिम हॉर्न आणि ओलॉव्ह ऑस्टबर्ग या संशोधकांनी १९७६ मध्ये १९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, जिच्यावरून माणसाचा कल सकाळकडे आहे की संध्याकाळकडे हे आजही ठरवले जाते. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते याच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. कामाच्या दिवशी सहाला उठणारा आणि सुटीच्या दिवशी दहापर्यंत झोपणारा माणूस दर आठवड्याला जणू वेगळ्या देशात जाऊन परत येतो. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला ‘सामाजिक जेटलॅग’ असे नाव दिले.

आपला कल ओळखण्यासाठी एखादी निवांत सुटी आली की सलग पाच-सहा दिवस गजर बंद ठेवावा. पहिले दोन दिवस साठलेली झोप भरून निघते, म्हणून ते मोजू नयेत. उरलेल्या दिवसांत आपोआप झोप केव्हा आली, जाग केव्हा आली आणि डोके केव्हा चालू लागले ते लिहावे. पहाटे ज्याचे डोके चालते त्याने पहाट अवश्य वापरावी. ज्याचे रात्री नऊनंतर चालते त्याने अपराधी वाटून न घेता रात्रीचे नऊ वापरावेत, फक्त झोपेचे तास कापू नयेत.

बलस्थानाच्या कामाला दिवसातला किती वेळ द्यावा, आणि कोणता?

सुरुवातीला एकच वेळ, पाऊण तास ते दीड तास, आणि शक्यतो आपले डोके सर्वांत तल्लख असतानाचा. दिवसाचे आठही तास बलस्थानावर घालवण्याची स्वप्ने पाहू नयेत. ते कोणालाच मिळत नाहीत, अगदी मोठ्या गायकालाही हिशेब आणि प्रवास असतोच. मात्र तो एक तास खऱ्या अर्थाने राखलेला असावा. म्हणजे त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा, आणि त्या तासात काय करायचे ते आदल्या रात्रीच एका वाक्यात लिहून ठेवलेले असावे, नाहीतर त्यातला निम्मा वेळ काय करावे हे ठरवण्यातच जातो.

या तासाच्या लगेच आधी एखादे अर्धवट राहणारे काम घेऊ नये. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की एक काम अपुरे ठेवून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे लक्ष काही प्रमाणात पहिल्यातच अडकून राहते. सकाळी उठल्याउठल्या कामाच्या गटावरचे संदेश वाचून मग लिहायला बसणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. अपुरे काम सोडून उठावेच लागले, तर पुढची पायरी कोणती हे कागदावर टिपून उठावे.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास बहुतेकांची तरतरी उतरते, आणि जेवण टाळले तरी ती थोडीफार उतरतेच. दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या पुण्यातल्या दुकानांवर विनोद पुष्कळ झाले, पण शरीराच्या घड्याळाकडे पाहिले तर त्या दुकानदारांचे फारसे चुकत नव्हते. बिले भरणे, कागद लावणे, मजकूर नकलून काढणे अशी यांत्रिक कामे या वेळेत टाकावीत. संध्याकाळच्या सत्रासाठी चहा-कॉफीवर अवलंबून राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात.

माझा दिवस माझ्या हातात नाही. नोकरी आणि प्रवास यांतच तो संपतो. मी काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे सुमारे ५४ किलोमीटर लोकलने रोज दोनदा कापणाऱ्या माणसाला ‘आपला तल्लख वेळ राखून ठेवा’ असे सांगणे सोपे आहे. अशा दिवसात नवा वेळ काढण्यापेक्षा असलेल्या वेळेचा पोत बघावा.

लोकलमधले प्रवासी हे काम कोणाच्याही सल्ल्याविना कधीचे करत आले आहेत. ज्यांच्या गळ्यात सूर आहे त्यांनी डब्यात भजनी मंडळ उभे केले. ज्यांना माणसे जोडता येतात त्यांनी ठरलेल्या गाडीचा, ठरलेल्या डब्याचा कंपू जमवला. महिलांच्या डब्यात गप्पांबरोबर रात्रीची भाजीही निवडून होते. उभ्याने, एका हाताने कडी धरून लिहिता येत नाही, पण भाषेत गती असलेल्याला ऐकता येते, पाठ करता येते, मनातल्या मनात मसुदा जुळवता येतो. बसायला जागा मिळण्याची खात्री असेल अशा एका दिशेच्या प्रवासाला बलस्थानाचे काम जोडावे आणि परतीचा प्रवास मोकळा सोडावा, कारण दमलेल्या शरीरावर दुहेरी अपेक्षा लादली की दोन्ही दिशांचे काम बंद पडते.

कार्यालयात बहुधा कामाची निवड आपल्या हातात नसते, पण कामांचा क्रम बऱ्याचदा असतो. समजावून सांगण्यात गती असलेल्या कर्मचाऱ्याने नव्याने रुजू झालेल्यांना काम शिकवण्याची जबाबदारी मागून घ्यावी. आकड्यांत गती असलेल्याने महिनाअखेरचा ताळमेळ स्वतःकडे घेऊन त्या बदल्यात दूरध्वनीवरची उत्तरे सहकाऱ्याकडे द्यावीत. वरिष्ठांकडे जाताना ‘माझे बलस्थान असे आहे’ असे भाषण करू नये. ‘साहेब, अकरा ते बारा या वेळेत मला फोनपासून मोकळे ठेवले तर अहवाल दुपारच्या आत देतो’ अशी एकच, मोजता येईल अशी विनंती करावी, आणि पहिले पंधरा दिवस तो अहवाल खरोखर दुपारच्या आत द्यावा.

परदेशी वेळेवर काम करणाऱ्यांचा प्रश्न जरा वेगळा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात पुण्याचे संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलली की इकडचा राखलेला तास एक तास सरकतो. तो तास शक्यतो दुपारपूर्वी ठेवावा.

घर सांभाळणाऱ्या स्त्रीने असा वेळ कुठून काढावा?

येथे प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरकामातही बलस्थाने कामी येत असतात, पण त्यांना कोणी ती नावे देत नाही. नळाला पाणी येण्याची वेळ, दूध, कुकरच्या शिट्ट्या, रिक्षावाले काका, सासूबाईंच्या गोळ्या आणि डबे हे सगळे एका तासात जुळवणारी बाई जे करते, त्याला कारखान्यात उत्पादन नियोजन म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. म्हणून नोंदवहीत ‘घरकाम’ असा एकच शब्द लिहू नये. त्यातले कोणते काम मनाला उभारी देते आणि कोणते फक्त उरकले जाते, हे वेगवेगळे लिहावे.

राखलेला तास बहुधा सकाळची गडबड ओसरल्यावर, साधारण अकराच्या पुढे सापडतो. त्याला मोठा धोका कामाचा नसून ‘तू घरीच आहेस ना’ या वाक्याचा असतो. घरातल्यांना तो तास कोणत्या कामासाठी आहे ते नाव घेऊन सांगितल्याशिवाय तो टिकत नाही. ‘मला जरा वेळ हवा’ म्हटले तर त्या वेळेत गॅसचा सिलिंडर येतो, शेजारच्या काकू येतात आणि नणंदेचा फोनही येतो; ‘मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते बारा मी शिवणाच्या मापांचे काम करते, दार अहोंनी किंवा मुलाने उघडावे’ असे म्हटले की निदान सुटीच्या दिवसांत तरी ते पाळले जाऊ लागते. रोजचा तास जमत नसेल तर आठवड्यातले दोन पक्के तास हे रोजच्या डळमळीत तासापेक्षा बरे.

पाळीची नोकरी असेल तर?

आठवड्याला पाळी बदलत असेल, तर राखलेला तास घड्याळाला न बांधता जागे होण्याला बांधावा, उदाहरणार्थ ‘उठल्यानंतर दोन तासांनी’. उठल्याउठल्या लगेच कठीण काम घेऊ नये, कारण झोपेची गुंगी उतरायला पंधरा मिनिटे ते अर्धा तास जातो. पहिली, मग दुसरी, मग रात्रपाळी असा पुढे सरकणारा क्रम उलट्या क्रमापेक्षा शरीराला सोसतो, म्हणून पाळ्या ठरवताना मत विचारले गेले तर तो मागावा. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त झोप सांभाळावी आणि बलस्थानाचे काम पंधरा-वीस मिनिटांवर आणावे. पंपाला रात्रीची वीज असते त्या दिवसांत शेतकऱ्यांनीही हेच करावे.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने सोपा विषय आधी घ्यावा की अवघड?

अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरून रात्री दहाला उठणारा विद्यार्थी पंधरा तास अभ्यास करतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो पंधरा तास खुर्चीत असतो. येथे बलस्थान विषयात शोधण्यापेक्षा शिकण्याच्या रीतीत शोधावे. काहींना वाचून कळते, काहींना लिहून, काहींना दुसऱ्याला सांगून. सांगण्यात ज्याची गती आहे त्याने अवघड घटक एकट्याने चारदा वाचण्याऐवजी रोज संध्याकाळी मित्राला वीस मिनिटे शिकवावा, आणि मित्राने तेवढाच वेळ त्याला प्रश्न विचारावेत.

क्रमाबाबत माझे मत असे की दिवसाची सुरुवात हातच्या विषयाने करून अर्ध्या-पाऊण तासात गाडी रुळावर आणावी आणि मग लगेच, तरतरी शिल्लक असतानाच, अवघड विषय घ्यावा. दिवसभर हातचाच विषय घोळवत बसणे हा या मांडणीचा सर्रास होणारा गैरवापर आहे.

मग उणिवांचे काय? त्या तशाच सोडून द्यायच्या का?

ज्या उणिवेमुळे दंड बसतो, नोकरी जाते, तब्येत बिघडते किंवा दुसऱ्याला त्रास होतो, ती सोडून देता येत नाही. पैशांची नोंद न ठेवणाऱ्या कलावंताला कलेने वाचवल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. अशा कामाला आठवड्यातून एकदाच, पण ताज्या डोक्याचा अर्धा तास द्यावा आणि तो राखलेल्या तासाच्या लगेच नंतर लावावा, म्हणजे मन प्रसन्न असताना ते काम समोर येते. जमेल तेथे अदलाबदल करावी: पती-पत्नींपैकी ज्याला बँकेची कामे सहज जमतात त्याने ती दोघांची करावीत आणि ज्याला नातेवाइकांचे फोन सहज जमतात त्याने ते दोघांचे करावेत. ज्या उणिवेने कोणाचेच काही बिघडत नाही, तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. रांगोळी वाकडी येते म्हणून दिनक्रमात रांगोळीचा सराव घालण्याचे कारण नाही.

बलस्थानाचा अतिरेक होऊ शकतो का?

होतो, आणि तो स्वतःला उशिरा दिसतो. बारकाईने तपासणाऱ्याचे काम कधी संपत नाही. मदतीला धावणाऱ्याच्या दिवसात स्वतःचे काही उरत नाही. उत्तम बोलणारा इतरांना बोलू देत नाही. यावर घड्याळ हाच उपाय आहे. राखलेल्या तासाला जशी सुरुवातीची वेळ असते, तशी संपण्याचीही असावी आणि तीही तितक्याच कडकपणे पाळावी.

असा दिनक्रम अंगवळणी पडायला किती दिवस लागतात?

२१ दिवसांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो, पण त्याला फारसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी साधी रोजची कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले.

नुसत्या संकल्पापेक्षा ठरलेल्या खुणेला जोडलेली कृती लवकर रुजते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘असे झाले की मी तसे करीन’ या स्वरूपाच्या संकल्पांचा अभ्यास केला आणि नुसत्या इच्छेपेक्षा ते अधिक पार पडतात असे दाखवले. ‘रोज सराव करीन’ यापेक्षा ‘डबा खाऊन हात धुतले की वही उघडीन’ असे ठरवावे.

गणपती, लग्नसराई, आजारपण यांत सगळे विस्कटते. पुन्हा सुरुवात कशी करावी?

खंड पडणार हे गृहीत धरूनच दिनक्रम आखावा. गौरी-गणपतीच्या आठवड्यात कोकणात गेलेल्या माणसाने राखलेला तास सांभाळण्याचा अट्टहास केला, तर त्याचा तासही साधत नाही आणि सणही नासतो. अशा दिवसांसाठी दहा मिनिटांचे छोटे रूप आधीच ठरवून ठेवावे: लेखकाने चार ओळी, गायकाने एक आलाप, शिक्षकाने एका पुतण्याला एक कोडे. परतल्यावर बुडालेले तास भरून काढण्याचा हिशेब मांडू नये.

मुलांच्या दिनक्रमालाही हे लागू करावे का?

बेताने. दहा वर्षांच्या मुलाची गती आज चित्रात दिसते आणि पुढच्या वर्षी क्रिकेटमध्ये, आणि ते तसेच असायला हवे. एका बलस्थानाची पाटी त्याच्या गळ्यात अडकवली की बाकीची दारे आपणच लावून घेतो. झोपेचा प्रश्न मात्र खरा आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचे निर्देश राज्य शासनाने २०२४ मध्ये दिले, ते योग्यच झाले. पण शरीराचे घड्याळ उशिराकडे सर्वांत जास्त सरकते ते किशोरवयात, आणि अनेक शाळांत नेमके माध्यमिकचेच वर्ग सकाळी सातला भरतात. आठवी-नववीतला मुलगा रात्री अकरापर्यंत जागा राहतो म्हणून त्याला आळशी ठरवण्यापूर्वी पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

निवृत्तीनंतर याची गरज उरते का?

उलट वाढते. नोकरीने घालून दिलेला साचा एका दिवसात निघून जातो, आणि ज्या गुणावर तीस-पस्तीस वर्षे काढली त्याला विचारणारे कोणी राहत नाही. निवृत्तीच्या आधी निदान सहा महिने आपले बलस्थान दुसऱ्या कोणत्या ठिकाणी लागेल ते शोधायला लागावे. महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला सातबाऱ्यातल्या नोंदी वाचता येतात, आणि ज्यांना त्या वाचता येत नाहीत असे लोक प्रत्येक गावात आहेत. आठवड्यातून दोन सकाळी ग्रंथालयात किंवा पारावर बसण्याचे ठरवून टाकले, तर उरलेल्या आठवड्यालाही त्यामुळे आकार येतो.

बलस्थान एकदा ठरवले की कायमचे का?

नाही. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी सुचवलेली एक रीत येथे कामी येते. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय निष्पन्न होईल असे वाटते ते लिहून ठेवायचे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहायचे. दिनक्रमासाठी मी तिचे छोटे रूप वापरतो. दर चार महिन्यांनी, म्हणजे साधारण उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा बदलताना, एक आठवडा पुन्हा वही ठेवतो आणि राखलेल्या तासात खरोखर काय झाले ते जुन्या अपेक्षेशेजारी लिहितो. गेल्या पावसाळ्यात त्या रकान्यात ओळीने पाच दिवस ‘घड्याळाकडे पाहिले’ असे निघाले. तेव्हा तो तास सकाळी दहावरून रात्री नऊवर नेला, काम तेच ठेवले.